मुदतीला सुट्टी नसते

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की सगळ्यात आधी आवाज जातात. आवारातल्या टायपिस्टांच्या टेबलांवर ताडपत्र्या पडतात, झेरॉक्सची घरघर थांबते, नावं पुकारणाऱ्या शिपायाचा तो लांबवलेला सूर थांबतो. परवा एका निकालाची नक्कल घ्यायची राहिली होती म्हणून मी दुपारची तिकडे गेले. बार रूमच्या पायरीवर एक कुत्रं जीभ बाहेर काढून पडलं होतं. कडुनिंबाची वाळकी पानं व्हरांड्याच्या फरशीवरून खरखरत सरकत होती. आपल्याच चपलांचा आवाज मागून कुणीतरी येत असल्यासारखा वाटत होता.

फाटकाशी एक ओळखीचे वकील स्कूटरवर भेटले. म्हणाले, "काय मॅडम, सुट्टीत बी फायली? आंबे-बिंबे खा जरा. चेहरा बघा, समन्स आल्यावानी झालाय."

मी हसले. उत्तर सुचलं नाही की मी हसते आणि लोकांना तेच उत्तर वाटतं. मे महिन्यातलं बंद कोर्ट पाहिलं की मला धास्ती वाटते, हे त्यांना कसं सांगणार? कुठेतरी कुणाचं तरी काहीतरी संपत चाललंय, आणि ज्यांनी ते राखायचं ते सगळे आपापल्या घरी कूलरसमोर झोपलेत, अशी ती धास्ती. गेली काही वर्षं ती गुलमोहराबरोबर न चुकता येते.

ती पहिल्यांदा आली त्या उन्हाळ्यात मला सनद मिळून वर्षसुद्धा झालं नव्हतं. अदालत रोडच्या मागच्या गल्लीत देवगावकर सरांचं ऑफिस होतं, तिथे मी ज्युनिअर म्हणून बसायचे. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी. त्यामुळे कायदा मला इंग्रजीत यायचा आणि माणसं मराठीत भेटायची. या दोन्हींच्या मधल्या अरुंद जागेत मी पहिले काही महिने गप्प उभी होते. 'नेग्लिजन्स' या शब्दावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. पण 'निष्काळजीपणा' म्हटलं की मला आईचा आवाज आठवायचा, दुधाखालचा गॅस चालू राहिल्यावरचा. व्यावसायिक नीतिमत्ता हा पेपर शेवटच्या वर्षाला होता. वकिलाची पक्षकाराप्रती कर्तव्यं, न्यायालयाप्रती कर्तव्यं, सहकाऱ्यांप्रती कर्तव्यं. आम्ही ती पाठ केली होती. यांतली दोन कर्तव्यं समोरासमोर आली की काय करायचं, हे त्या पेपरात नव्हतं.

सर माणूस म्हणून चांगले होते, हे आधीच सांगायला हवं. साठीचे, उंच, बोलताना चष्मा हातात घेऊन फिरवायचे. पक्षकार घाबरला की त्याच्यासाठी चहा मागवायचे. उलटतपासणीत त्यांचा आवाज कधी चढला नाही. मी कोर्टात पहिल्यांदा उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा मागून हळूच म्हणाले होते, "पाणी पी. न्यायाधीश कुठं पळून जात नाहीत." तारखा मात्र ते डोक्यात ठेवायचे. आमच्या ऑफिसात मुदतीवर दुसऱ्या कुणाची नजर नव्हती. इतक्या वर्षांत काही चुकलं नाही, त्यामुळे ती असावी असं कुणालाही वाटलं नव्हतं.

खिडकीशेजारी एक लोखंडी मांडणी होती. सुट्टी जवळ आली की तिच्या मधल्या कप्प्यात एक ढीग तयार व्हायचा. ज्या अपिलांची, अर्जांची मुदत सुट्टीत संपणार, त्या फायली तिथे जायच्या. कायदाच तसा आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं. त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्याच वकिलांची ती सवय. सुट्टी संपली की पहिल्या सकाळी दाखल करण्याच्या खिडकीपाशी ही गर्दी! जो तो हसत, घाम पुसत, काखेत फायली घेऊन उभा. आमचे क्लार्क हनीफभाई त्या ढिगावरची धूळ झटकायचे आणि म्हणायचे, "मॅडम, अब कानून बी सोयेगा, हम बी सोयेंगे."

सुमनमावशींची फाईल त्या ढिगात होती.

मावशी करमाडच्या. पन्नाशीच्या, काटक. हातातली काचेची बांगडी टेबलाला लागली की दचकून हात मागे घ्यायच्या, आपण ऑफिसातलं काही मोडलं की काय म्हणून. कागद बियाण्याच्या नायलॉन पिशवीत आणायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शेंद्र्याला कंपनीत. रस्त्याच्या रुंदीकरणात त्यांच्या शेताची एक पट्टी गेली. त्या पट्टीत मोसंबीची काही झाडं आणि विहीर होती. मोजणीचे लोक आले ते पाणी आटलेल्या वर्षी. त्यांनी बांधावरून डोकावून पाहिलं आणि कागदावर नोंद केली: खड्डा.

मावशींना लागलं होतं ते हेच. जमीन रस्त्याला गेली, त्याचं त्यांनी कधी फारसं बोलून दाखवलं नाही. रस्ता काय, कुणाच्या तरी शेतातून जाणारच, म्हणायच्या. पण विहिरीचा विषय निघाला की पदर खांद्यावर घट्ट ओढायच्या. लग्नाच्या वर्षी नवऱ्यानं आणि दिरानं मिळून ती खोदली होती. आतून दगडानं बांधून घेतली होती. नव्या नवरीनं पाटीनं मुरूम वर ओढला होता. तिच्या पाण्यावर बाग उभी राहिली. "आन् हे म्हणत्यात खड्डा," असं म्हणून त्या माझ्याकडे बघायच्या, जणू मीच आता काहीतरी दुरुस्त करणार होते.

मोबदल्याचा वाद ठरवायला लवाद म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्यानंही निवाड्यात तीच नोंद ठेवली. त्या निवाड्याला जिल्हा न्यायालयात आव्हान द्यायचं होतं. त्यासाठी कायद्यानं तीन महिने दिलेले असतात. सबळ कारण असेल तर वर आणखी तीस दिवस. त्यानंतर नाही. मावशी निवाडा हातात पडल्याच्या थोड्याच दिवसांत आमच्याकडे आल्या होत्या. मग दर सोमवारी येत राहिल्या. काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसून, चिकलठाण्याला उतरून, पुढे रिक्षानं. विहिरीचे जुने फोटो आणले, पाणी शेंदतानाचे. शेजारच्या शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणली. सर प्रत्येक वेळी कागद चाळून म्हणायचे, बेस्ट झालं मावशी, मुदत आहे अजून. मग दुसऱ्या एका मोठ्या खटल्याचे पुरावे सुरू झाले आणि सर त्यात गुंतले. तीन महिने सरले. सर म्हणाले, वरचे तीस दिवस आहेत की. पुढे सुट्टी जवळ आली. सर म्हणाले, सुट्टीनंतर.

सुट्टीआधीच्या शेवटच्या सोमवारी मी मावशींना माठातलं पाणी दिलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "ताई, सुट्टीत इहिरीवर डांबर पडणार नाय ना?" मी म्हणाले, नाही पडणार. मला तसं खरंच वाटत होतं.

गारखेड्यातलं आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात गच्ची तापून आतल्या भिंतीसुद्धा कोमट लागतात. नळाला पाणी बऱ्याच दिवसांनी यायचं. आलं की आई घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायची, अगदी कुकरसुद्धा. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास आणि खाली टँकरचा पाइप जमिनीवर आपटल्याचा आवाज, यांच्या मधोमध मी न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. त्या दुपारी मुदतीचा कायदा काढला होता. एका निकालपत्रात मी एक वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग उठून कूलर बंद केला, कारण त्याच्या आवाजात मला नीट कळत नाहीये असं वाटलं.

कोर्ट बंद असण्याची सवलत मूळ मुदतीला असते, असं त्या निकालात म्हटलं होतं. निवाड्याला आव्हान देताना वर मिळणाऱ्या तीस दिवसांना ती नसते. ते दिवस सुट्टीत संपले, तर संपले. उघडण्याच्या दिवशी दार उघडतं ते इतरांसाठी.

मी हिशोब करायला कागद घेतला नाही. बोटांवरच मोजलं. मावशींचे तीस दिवस आदल्या आठवड्यातच संपून गेले होते. सुट्टीतसुद्धा तातडीच्या कामापुरते एक न्यायाधीश बसतात, एखाद-दुसरा कारकून असतो. ऑनलाइन दाखल करायची सोय असते. दार बंद नव्हतं. आम्ही ते बंद समजत होतो.

बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की समोरच्या इमारतीची गच्ची दिसेनाशी झाली होती. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, कूलर का बंद केलास. आधी वाटलं, मी चुकीचं वाचत असेन. आपल्यासारख्या मुलींना पहिल्यांदा हेच वाटतं. सर इतकी वर्षं वकिली करतायत, मला कालपरवा सनद मिळाली. मी आणखी निकाल शोधले, आपण चुकतोय असं कुणीतरी म्हणावं म्हणून. कुणी म्हणालं नाही.

सरांना फोन केला, तेव्हा ते पुण्याला मुलीकडे होते. मागे नातवंडांचा दंगा ऐकू येत होता. मी अडखळत सांगितलं. ते म्हणाले, एक मिनिट. मग दार लावल्याचा आवाज आला आणि दंगा बंद झाला. ते म्हणाले, "मावशींशी बोललीस?"

मी नाही म्हणाले.

"बोलू नकोस. मी आल्यावर बघतो."

बस, एवढंच. ते चिडले नाहीत, मला खोडून काढलं नाही. चिडले असते, तुला काय कळतंय असं म्हणाले असते, तर मला जास्त बरं वाटलं असतं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान ऐकला.

सुट्टीचे उरलेले दिवस मला एखाद्या तापासारखे आठवतात. संध्याकाळी वावटळ उठायची, धुळीनं आकाश गढूळ व्हायचं, खिडक्यांच्या काचा थडथडायच्या आणि मग काहीच न होता सगळं बसून जायचं. एकदा मावशींचा फोन येऊन गेला. मी उचलला नव्हता, कारण मी अंघोळीला होते. पण नंतर केलाही लगेच. रस्त्याच्या यंत्रांनी शेजारचा बांध उकरलाय असं सांगून त्यांनी विचारलं, आपलं कोर्ट कधी उघडतं. मी तारीख सांगितली. सरांनी बोलू नकोस म्हटलं होतं आणि मी त्यांची ज्युनिअर होते. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की वकिलाची चूक होते त्या क्षणी तो आणि पक्षकार एका बाजूचे राहत नाहीत. पक्षकाराला हे माहीत नसतं. तो तसाच विश्वासानं आपल्या शेजारी उभा असतो.

कोर्ट उघडलं त्या सकाळी ऑफिसात नेहमीची धावपळ होती. हनीफभाई ढीग उपसत होते. सर लवकर आले होते. त्यांनी मावशींना बोलावून घेतलं होतं, चहा मागवला होता. मला आत बोलावून त्यांनी दोन कागद दिले. विलंब माफीचा अर्ज आणि त्यासोबतचं मावशींचं शपथपत्र. मजकूर इंग्रजीत होता. मी वाचला. अर्जदार ही वयस्क, अशिक्षित, ग्रामीण स्त्री असून मणक्याच्या विकारानं अंथरुणाला खिळली होती. त्यामुळे ती मुदतीत वकिलांकडे येऊ शकली नाही.

हे आमच्याकडे नवीन नाही. उशीर झालेल्या प्रत्येक अर्जात कुणीतरी आजारी असतं. पक्षकार नसेल तर त्याची आई, नाही तर पत्नी. कावीळ, मणका, टायफॉइड. या जिल्ह्यातल्या उशीर झालेल्या अर्जांवर विश्वास ठेवला, तर निम्मा जिल्हा अंथरुणाला खिळलेला निघेल. ओळखीचे डॉक्टर दाखलेही देतात. आणि लिहिणाऱ्याला यात आपण खोटं बोलतोय असं वाटतच नाही. सुरुवातीला 'सविनय सादर' लिहितात, तसंच खाली आजारपण लिहितात.

मी म्हणाले, "सर, याचा उपयोगही होणार नाही. तीस दिवसांनंतर माफीच नाहीये."

"समोरचा वकील मुद्दा काढेल तेव्हा बघू. काढला नाही तर विहीर मोजली जाईल की नाही?" सरांनी चष्मा फिरवला. "सगळं समजावत बसू नकोस त्यांना. घाबरतील. सही कुठं करायची तेवढं दाखव."

शपथपत्राच्या तळाशी दोन ओळी असतात. एक, मजकूर अर्जदारास मराठीत समजावून सांगितला आहे. दुसरी, मी अर्जदारास ओळखते. तिथे वकिलाची सही लागते. त्या जागी माझं नाव टाइप केलेलं होतं.

शपथ देणारा कारकून व्हरांड्याच्या टोकाला बसतो. त्याच्यासमोर रांग होती. तो प्रत्येकाला मान वर न करता विचारत होता, मजकूर समजला का, आणि प्रत्येक जण हो म्हणत होता. मावशींच्या कपाळावर घाम होता. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. रांग पुढे सरकत होती आणि मी त्या कागदाकडे बघत होते. वाचता वाचता मला एक गोष्ट दिसली, जी ऑफिसात दिसली नव्हती. उद्या मावशींनी कुठे तक्रार केली की मी वेळेत आले होते, उशीर वकिलांनी केला, तर कुणीही हा कागद पुढे करेल. त्यात त्यांच्याच सहीनं, शपथेवर लिहिलेलं असेल की उशीर त्यांनी केला. हे शपथपत्र कोर्टापेक्षा जास्त आमच्या कामाचं होतं.

मला गर्दीत बोलता येत नाही. रांगेतल्या माणसांच्या कोपरांच्या मध्ये उभं राहून मी मावशींना एकेक वाक्य मराठीत सांगितलं. आवाज इतका हळू होता की त्यांना कान जवळ आणावा लागला.

"आजारी?" त्या म्हणाल्या. "कोण आजारी व्हतं?"

"तुम्ही. असं लिहिलंय."

"मी दर सोमवारी येत व्हते ना, ताई. तुम्हीच पाणी देत व्हत्या." त्यांना आधी ते गमतीचं वाटलं असावं, त्या हसल्या. "मणका माहा गावात सगळ्यायच्यापेक्षा नीट हाये. काल बी गवताचा भारा आणला." मग हसू थांबलं. "असं काहून लिव्हलं?"

मी सांगितलं. मुदत, वरचे दिवस, सुट्टी. मला वाटलं होतं हे समजावणं कठीण जाईल. तसं काही झालं नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मंग चूक कुणाची?"

आमच्या पुढे आता एकच माणूस उरला होता.

"आमच्या ऑफिसची," मी म्हणाले. "तुमची नाही. यावर सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. केली तरी अर्ज टिकेल असं नाही. आणि मावशी, फाईल मागून घ्या. दुसऱ्या वकिलांना दाखवा. आमच्याविरुद्ध काय करता येतं, तेही त्यांना विचारा."

कारकुनानं हात पुढे केला. मावशी रांगेतून बाजूला झाल्या आणि मागचा माणूस आमच्या जागी सरकला.

सर व्हरांड्यातूनच येत होते. मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "साहेब, मी कवा आजारी पडले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मावशी, कोर्टाची भाषा असते ती. सगळे असंच लिहितात."

"लिव्हत असतील. माह्या सहीनं नाय."

"मग कारण काय सांगू मी?"

"जे हाये ते सांगा."

जवळून दोन-तीन वकील गेले. सरांनी त्यांच्याकडे बघून सवयीनं मान लववली. मग कागद माझ्या हातातून घेतले आणि ऑफिसच्या दिशेनं चालू लागले. त्या दुपारी नवीन अर्ज तयार झाला. सर सांगत होते, मी टाइप करत होते. कागदपत्रांच्या पूर्ततेमुळे व अन्य अपरिहार्य कारणांमुळे विलंब झाला आहे. विलंब झाला आहे. कुणी केला, ते नाही. मी एकदा थांबले. सरांनी खिडकीबाहेर बघत तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

मावशींना मी तोही समजावला. त्यांनी विचारलं, ह्यात खोटं हाये का काही. मी म्हणाले, खोटं नाही. "आन् खरं?" मी म्हणाले, सगळं नाही. दाखल नाही केला तर आहे तेही संपेल, हे त्यांना माहीत होतं. मग एकेक अक्षर दाबून सही केली. खाली मी केली.

मावशी दुसऱ्या एका वकिलांकडे जाऊनही आल्या. नंतर मला म्हणाल्या, त्या साहेबांनी कागद पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, देवगावकर साहेबांविरुद्ध मला उभं करू नका, रोज एका टेबलावर चहा पितो आम्ही. हे सांगताना मावशी हसत होत्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

सरांनी मला काढलं नाही, एक शब्दही बोलले नाहीत. फक्त ऑफिसची किल्ली हनीफभाईंकडे ठेवायला सांगितली. नव्या फायली माझ्या टेबलावर येईनाशा झाल्या. पक्षकार आत आले की सर उठून दार लावून घ्यायचे. हनीफभाईंच्या कोट्या बंद झाल्या. पावसाळ्यात कधीतरी मी तिथून निघाले आणि दुसऱ्या एका ऑफिसात कोपऱ्यातलं टेबल घेतलं. तरी मावशींच्या प्रत्येक तारखेला मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे. मला कुणी बोलावलं नव्हतं.

आता पक्षकार आला की मी पहिल्याच दिवशी शेवटची तारीख त्याला मराठीत लिहून देते. एक प्रत त्याला, एक मला, एक ऑफिसातल्या दुसऱ्या वकिलाला. त्या तिघांपैकी निदान एकाला तरी झोप येऊ नये, अशी माझी योजना. इथले सीनिअर हसतात. म्हणतात, पोरगी फार भित्री आहे. असेन. पण माझं भिणं मला माझ्या डिग्रीपेक्षा जास्त उपयोगी वाटतं. काल दुपारी शेजारच्या टेबलावर कुणीतरी फोनवर अगदी सहज म्हणत होतं, अहो घाई काय आहे, सुट्टीनंतर बघू. कूलरचं पाणी टपटपत होतं. पलीकडून कोण बोलत होतं, त्याचं काय संपत होतं, मला माहीत नव्हतं. मी उठून त्या टेबलापाशी गेले आणि फाईल बघू का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, काय मॅडम, तपासणीला आलात का. मी हसले नाही. त्यांनी नाखुशीनं फाईल सरकवली.

मावशींचा अर्ज सुनावणीला आला तेव्हा त्या वर्षीची थंडी सुरू झाली होती. समोरचा वकील तरुण होता. त्यानं उभं राहून तोच मुद्दा काढला आणि तोच निकाल वाचून दाखवला, जो मी कूलर बंद करून वाचला होता. सरांनी युक्तिवाद केला. चांगला केला. ग्रामीण स्त्री, तांत्रिक मुद्दा, न्यायाचा हेतू. मी ऐकत होते आणि मला समजत होतं की हे सगळं ते कुणातरी तिऱ्हाइताच्या चुकीबद्दल बोलल्यासारखं बोलतायत. न्यायाधीश शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, कायद्यात 'त्यानंतर नाही' असं असताना मी काय करू शकतो? आदेश थोडक्यात झाला. पुढचं नाव पुकारलं गेलं.

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. सगळं इंग्रजीत झालं होतं. त्यांनी मला खूण केली तशी मी त्यांच्यासोबत बाहेर आले.

"काय झालं?"

"अर्ज फेटाळला, मावशी."

त्यांनी मान डोलावली. ते त्यांना बहुधा चेहऱ्यांवरूनच कळलं होतं. "इहिरीचं काय म्हणले?"

मी आदेश आठवून पाहिला. त्यात तारखा होत्या, कलमं होती, मुदत होती.

"विहिरीचं काहीच नाही म्हणाले. तिथपर्यंत गेलंच नाही."

"एकदा बी नाव नाय घेतलं?"

"नाही."

त्या व्हरांड्याच्या कठड्यापलीकडे बघत राहिल्या. खाली माणसं, काळे कोट, चहाचे पेले. "म्हंजी कागदावर खड्डाच राहिला," त्या म्हणाल्या. अगदी सावकाश म्हणाल्या, ते वाक्य नीट जमतंय का बघत असल्यासारखं.

मागे पावलं वाजली आणि थांबली. सर दारात उभे होते, फाईल काखेत, चष्मा हातात. त्यांनी ऐकलं होतं. मावशींनी वळून त्यांच्याकडे हात पुढे केला, फाईलसाठी, आणि सरांनी ती दिली.